बंद नळाचे थेंब

दारावरची थाप ऐकली आणि तिच्या काळजात धस्स झालं. घाईची, पण सभ्यपणा न सोडलेली थाप. शेजारी असं दार ठोठावतात ते काहीतरी बिघडलं असेल तरच, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

दारात एक उंच तरुण उभा होता. केसांत लाकडाचा भुसा, आणि डाव्या खांद्यावर शर्ट ओला.

"मी खालच्या मजल्यावरचा," तो म्हणाला. "तुमच्याकडे काही... सांडलंय का? माझ्या खोलीत पाऊस पडतोय. बाहेर तर चक्क ऊन आहे, म्हणून विचारलं."

तो हसत होता. तिची मात्र बोबडी वळली.

घर तिच्या दादाचं. दादा-वहिनी कामासाठी सहा महिने परगावी गेले होते आणि जाताना दादा म्हणाला होता, "भागूबाई, घर तेवढं बुडवू नकोस म्हणजे झालं!" भित्री भागूबाई हे तिचं लहानपणापासूनचं नाव. पण पाण्याची भीती दोन वर्षांपूर्वीची. भाड्याच्या खोलीत वॉशिंग मशीनची नळी निसटली होती आणि खालच्या घरात गाद्यांपासून मुलांच्या पुस्तकांपर्यंत सगळं भिजलं होतं. त्या घरच्या बाई तिला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. नुसतं एक ओलं पुस्तक त्यांनी तिच्या हातात ठेवलं. तेव्हापासून ती प्रत्येक नळ तीनदा तपासायची. मुद्रितं तपासायचा व्यवसाय होता, त्यामुळे ही सवयच आहे असं लोकांना सांगता यायचं.

दोघं स्वयंपाकघरात धावले. डिशवॉशर सकाळपासून बंद होता, तरी तळाशी पाणी साचून दाराखालून बाहेर पाझरत होतं. तिने प्लग काढला, सिंकखालचा मशीनला पाणी देणारा नळ आवळून बंद केला, आणि मशीनसोबतची पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचली.

"बंद मशीनमध्ये पाणी येतंय, म्हणजे पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीये," ती म्हणाली. "तो बदलावा लागणार. तुमचं... काय काय भिजलं?"

"चला, दाखवतो."

ती जीव मुठीत धरून खाली गेली. आतल्या खोलीत तारेला एक व्हायोलिन टांगलेलं होतं, मधाच्या रंगाचं. खाली बादली. आणि व्हायोलिनच्या वर, छताला दोरीने बांधलेली उघडी छत्री!

"वार्निश ओलं आहे," तो म्हणाला. "आठ दिवस तरी सुकायला लागतील. बाहेरच्या खोलीत भुसा उडतो, तिथे नेलं की संपलंच. पाण्याचा एक थेंब पडला तरी डाग कायमचा." मग जरा थांबून म्हणाला, "आजवर लोकांची दुरुस्त केली. हे पहिलंच मी स्वतः घडवलेलं."

वर येताच तिने दुरुस्तीवाल्याला फोन केला.

दुरुस्तीवाला म्हणाला, दहा दिवस तरी येत नाही. मग तिने दुकानातून व्हॉल्व्ह आणला आणि रविवारी दुपारी स्वतःच जमिनीवर आडवी झाली. टॉर्च धरायला तो आला. खालची पट्टी काढून तिने आधी फोटो काढले. कुठली वायर कुठे, नळी कुठल्या तोंडाला. मग नळीखाली पसरट भांडं ठेवून ती सोडवली. वाटीभर पाणी भांड्यात पडलं आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले.

"तुमचा हात थरथरतोय."

"टॉर्चवाल्यांनी टॉर्च धरावा."

"धरलाय की. पण उजेड व्हॉल्व्हवर ठेवायचा का... चेहऱ्यावर?"

तिने पाना त्याच्या दिशेने उगारला. तो हसला, आणि तिचे कान गरम झाले. नवा व्हॉल्व्ह बसला, वायरी बसल्या, नळीला नवं वायसर घालून तिने ती आवळली. एवढ्यात खालून त्याला कुणीतरी हाक मारली.

"गिऱ्हाईक आलं वाटतं. आता फक्त नळ उघडायचा राहिला. उघडून बघा आणि मला सांगा!"

तो गेला. तिने सिंकखाली हात घातला, नळाला बोटं लावली... आणि हातपाय गार पडले. वायसर तिरकं बसलं असेल तर? त्या मधाच्या रंगावर थेंब पडला तर? ती तशीच बसून राहिली.

"उघडला का?" जिन्यातून आवाज आला.

"हो!" ती ओरडली. स्वतःच्या खोटेपणाचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

सोमवारी संध्याकाळी पुन्हा थाप.

"दोन थेंब पडले आज," तो म्हणाला. "फारसं काही नाही. म्हटलं, बघून जावं."

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. नळ तर बंद होता! मग हे पाणी आलं कुठून? तिने नळीखाली कागदी रुमाल दाबून पाहिला. कोरडा. सांगावं तर आपलं खोटं उघडं पडणार. तिने चहा केला, तो तासभर बसला. लाकूड ठोकून त्याचा आवाज कसा ऐकतात ते त्याने टेबलावर ठोकून दाखवलं.

"माणसांचाही कळतो?" तिने विचारलं.

"कळतो. काही माणसं वरून घाबरट वाटतात, पण आतून... छान वाजतात."

एरवी ती आठवडाभर या वाक्यावर जगली असती. पण तो गेला की भीती दुप्पट व्हायची. मंगळवारी तीन थेंब. बुधवारी पुन्हा दोन. नक्कीच भिंतीतला पाइप फुटला असणार. तिने सिंक वापरणंच सोडलं आणि भांडी न्हाणीघरात नेऊन घासू लागली. स्वयंपाकघरात ती चवड्यांवर चालायची, जणू तिच्या वजनाने छत खाली येणार होतं.

गुरुवारी दुपारी तिला राहवेना. दादाला फोन करून सगळं कबूल करायचं ठरलं, पण आधी थेंब पडतात कुठे ते तरी बघावं म्हणून ती खाली गेली. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत व्हायोलिन सुकत होतं. बादलीत लाकडाच्या कोरड्या ढलप्या भरलेल्या होत्या आणि छत्री मिटून खुंटीला लटकत होती.

मागे तो येऊन उभा राहिला. रंगेहाथ पकडला गेला होता.

"थेंब कुठेयत?" तिने विचारलं.

"रविवारपासून एकही पडला नाही."

"मग रोज येऊन—"

"थेंब पडले नाहीत म्हटलं असतं, तर... काय सांगून आलो असतो वर?"

तिचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ संताप उसळला.

"मी रोज न्हाणीघरात भांडी घासतेय! छत तुमच्या डोक्यावर पडणार म्हणून रडलेय मी! आणि नळ... नळ तर मी उघडलाच नव्हता!"

"उघडलाच नव्हता?"

"नाही. भीती वाटली." तिने तारेकडे बोट दाखवलं. "तुमच्या व्हायोलिनसाठी."

तो हसला नाही. "तुम्ही एवढ्या घाबरलात हे मला कळलंच नाही," तो हळूच म्हणाला. "माझं चुकलं."

ती वर निघून आली. दार लावून त्यालाच टेकून उभी राहिली. आता तो यायचा नाही. थेंब नाहीत, म्हणजे निमित्त नाही. छत कोसळायच्या भीतीपेक्षा ही भीती किती मोठी आहे हे तिला तेव्हा कळलं, आणि ती घाबरून गेली.

थाप पडली.

"आज एकही थेंब नाही," तो दारात उभा होता. "तरी आलोय."

तिने डोळे पुसले.

"नळ उघड," तो म्हणाला. पहिल्यांदाच अगं-तुगं करत होता. "आत्ता."

"वार्निश अजून ओलं आहे. चार दिवस थांबू या."

"चार दिवस तू पुन्हा घाबरत काढणार. तू बसवलाय तो व्हॉल्व्ह, मी बघितलंय. मी खाली जाऊन उभा राहतो."

"छत्री लावशील ना?"

"नाही लावणार."

तो गेला. तिने दीर्घ श्वास घेतला आणि नळ फिरवला. नळीने एकदा हिसका दिला. प्लग लावून बटण दाबताच पाणी सरसरत आत शिरलं. तिने श्वास रोखला. खट्! पाणी थांबलं. नळीखालचा रुमाल कोरडा. पण खालून काही आवाज नाही. एक मिनिट... दोन... जिन्यात पावलं वाजेनात. तिला तो डाग डोळ्यांसमोर दिसू लागला.

मग पावलं वाजली. तिने थाप पडायच्या आतच दार उघडलं.

"एकही नाही!" तो धापा टाकत म्हणाला. "म्हणजे आता मला वर यायला काही कारणच उरलं नाही."

नळाला हात लावताना झाले होते तसेच तिचे हातपाय गार पडले. पण आज एकदा ती घाबरत घाबरत नळ उघडून बसली होती, आणि काही बुडालं नव्हतं.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "हे कारण पुरेल?"

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आता त्याचीच बोबडी वळली होती. त्याने नुसता हात पुढे केला. तिने तो धरला तेव्हा तिला कळलं, तोही थरथरत होता.