तिसऱ्या बाटलीचं झाकण

"सही करा आणि मोकळ्या व्हा!" साहेबांनी औषध पास झाल्याचा कागद मावशीपुढे सरकवला. "चार वाजता ट्रक सुटतोय."

"नाही करणार," मावशी म्हणाली. तिने कागद परत सरकवला.

जमिनीवरच्या पिवळ्या रेघेबाहेरच्या बाकावर तिघं भाचरं चिडीचूप बसली होती: शंकासूर, तिचा भाऊ भोंगा आणि मावसबहीण चष्मिष. कशालाही हात लावायचा नाही, या अटीवर त्यांना सुट्टीत औषधांच्या कारखान्यातली मावशीची प्रयोगशाळा बघायला मिळाली होती. बघायला मिळालं ते हे भांडण!

भांडणाचं मूळ होतं क्रोमॅटोग्राफीचं यंत्र. त्यातली सुई बाटलीतून थेंबभर औषध उचलून एका बारीक नळीत सोडते, आणि औषधात काय काय मिसळलंय ते पडद्यावर उंचवट्यांनी दिसतं. परवा त्याचं सॉफ्टवेअर बदललं आणि त्याचं डोकंच फिरलं. दोन नंबरच्या बाटलीत मावशीने नुसतं शुद्ध पाणी भरलं होतं, तरी पडद्यावर भलाथोरला उंचवटा! सकाळपासून तिने नळी बदलली, पाइप धुतले, पाणी बदललं. उंचवटा जागचा हलेना.

"तुमचीच बाटली घाण असणार," साहेब म्हणाले. "तीन नंबर पास झाला ना? ट्रकात तेच औषध आहे. मग झालं तर!"

"पाण्यात औषध दाखवणाऱ्या यंत्रावर विश्वास ठेवू? हे तान्ह्या मुलांचं तापाचं औषध आहे, साहेब!"

"सही नसेल, तर उद्यापासून येऊ नका."

दार धाडकन लागलं. घड्याळात सव्वातीन वाजले होते. मावशीने यंत्र मध्येच थांबवलं, चार-चारच्या रांगांत लावलेल्या सोळा बाटल्यांचा ट्रे काढून टेबलावर ठेवला आणि ती मटकन खाली बसली. पाचच बाटल्या तपासून झाल्या होत्या.

"मावशी, सुई झाकण कसं उघडते गं?" शंकासूरने विचारलं.

"झाल्या हिच्या शंका सुरू!" भोंगा गरजला.

"उघडत नाही. झाकणाच्या रबराला भोक पाडून आत जाते," मावशी थकलेल्या आवाजात म्हणाली.

चष्मिषने मान लांब करून ट्रेकडे पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"मावशी... तीन नंबरला भोकच नाहीये!"

मावशी ताडकन उठली. खरंच! तीनचं झाकण कोरं करकरीत. चारचंही कोरं. भोकं होती एक, पाच, नऊ, तेरा आणि दोनला!

"तू बाटल्या उभ्या रांगेत लावल्यास," शंकासूर भराभर बोलू लागली, "आणि सुई आडव्या रांगेत चाललीये! दोन म्हणून तिने पाच नंबरचं औषध उचललं!"

"आणि तीन म्हणून नऊचं," मावशी पुटपुटली. "म्हणजे ट्रकातलं औषध कुणी तपासलेलंच नाही!"

तिने सॉफ्टवेअरमधली ट्रेची मांडणी उघडली. परवा सॉफ्टवेअर बदलायला आलेला इंजिनियर जुनी मांडणी पुसून निघून गेला होता! मावशीने ती दुरुस्त केली आणि यंत्र पुन्हा चालू केलं. एका बाटलीला सहा मिनिटं. भोंगासुद्धा श्वास रोखून बसला.

दोन नंबर: सपाट रेघ. मावशीने सुस्कारा सोडला.

तीन नंबर: रेघ सरळ गेली, औषधाचा उंचवटा आला... आणि त्याच्या शेजारी दुसरा. तिथे नसायला हवा होता असा! औषधात भलतंच काहीतरी मिसळलं होतं.

"भोंग्या," मावशी ओरडली, "ट्रक थांबव!"

"थांबा! थांबाऽऽ!" भोंग्याची आरोळी फाटकापर्यंत गेली. ट्रकच काय, अख्खा कारखाना थांबला.

साहेब धावत आले. त्यांनी झाकण पाहिलं, पडदा पाहिला आणि रुमालाने कपाळ पुसलं. "पोरांनो, तुम्ही आज केवढं संकट टाळलंत! बाई, माझं चुकलं."

"साहेब, एक शंका आहे," शंकासूर म्हणाली.

"विचार की, बाळ!"

"सॉफ्टवेअर परवा बदललं. मग काल ट्रक गेला होता का?"

साहेबांचा हात फोनकडे झेपावला. ट्रक गेला होता, पण त्यातला माल अजून व्यापाऱ्याच्या गोदामातच होता. एकही खोकं उघडलं गेलं नव्हतं. साहेबांनी तो तिथेच अडवायला सांगितलं, तेव्हा कुठे मावशीने शंकासूरला पोटाशी धरलं.

"घरी तुला सगळे 'शंका पुरे' म्हणतात ना?" तिचे डोळे भरून आले होते. "मी सांगते त्यांना. विचारत जा, बाई. विचारतच जा!"