पलीकडच्या काठावरची पट्टी

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या मागे लागणार नाही. पण यातला निम्मा प्रकार माझ्या डोळ्यांदेखत झालाय आणि उरलेला माझ्या सख्ख्या ताईच्या.

रात्र नव्हती. स्मशान नव्हतं. ढगाळ दुपार होती आणि गावाबाहेरचा एक ओढा.

ताई भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रात्यक्षिकाचा अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. ओढ्याचा आडवा छेद काढायचा, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत जमीन कुठे किती खोल, ते मोजायचं.

तिच्या गटातल्या मुलींनी कधीच काम उरकलं होतं. घरी बसून, मागच्या वर्षीचे आकडे थोडे इकडेतिकडे करून.

"तूही तेच कर ना," मी म्हणाले.

"वेडी आहेस का?" ताई जवळजवळ किंचाळली. "मागच्या सत्रात शेजारी बसलेल्या बयेनं माझा पेपर उतरवला आणि शून्य दोघींना मिळालं. आता नुसता संशय आला तरी मला काढून टाकतील, बारके."

तिचे डोळे सुजलेले होते. मी गुपचूप तिच्याबरोबर निघाले.

काम तसं सोपं. ताई या काठावर, तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून. मी आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून एकेका बिंदूवर उभी राहणार. ती आकडा वाचणार आणि ओरडणार, "हां... पुढे!"

दुर्बीण जुनी होती. तिच्यातून सगळं उलटं दिसायचं. झाडं खाली लोंबणारी, पाणी वर, माणूस डोक्यावर उभा. मी गंमत म्हणून डोळा लावला आणि मला गरगरलंच. ताईला मात्र उलटे आकडे वाचायची सवय झाली होती.

अर्धं काम झालं. मी पाण्यात उतरले.

तेवढ्यात धुकं आलं. पलीकडचा काठ दिसेनासा झाला.

आणि माझा पाय दगडावरून सटकला.

पाण्यानं मला वळणापर्यंत ओढत नेलं. पट्टी सोडली नाही मी, कारण ती कॉलेजातून ताईच्या सहीवर आणलेली होती. कशीबशी झुडपांत चढले. घोटा टम्म सुजला होता.

"ताई, थांब! मी पडले!"

नुसता पाण्याचा आवाज.

मग तिचा आवाज आला...

"हां... पुढे!"

मला वाटलं, माझी वाट बघून हाका मारतेय.

"हां... झालं. पुढे!"

मध्ये थोडी शांतता. जेवढा वेळ एक माणूस दोन पावलं चालून उभं राहायला घेईल, तेवढी.

"शाब्बास! जरा डावीकडे... हां. पुढे!"

मी मांडीवर पाहिलं.

पट्टी माझ्याच मांडीवर होती.

लंगडत तिच्यापाशी पोचले, तेव्हा ताई तिवई आवरत होती. कित्येक दिवसांनी हसत होती.

"काय झटपट केलंस गं! पलीकडचे सगळे बिंदू झाले."

"ताई... मी पलीकडे गेलेच नाही."

"थट्टा नको हं आता."

मग तिनं माझा पाय पाहिला. ओले कपडे पाहिले. तिचं हसू हळूहळू उतरलं.

"मग हात कोणाचा होता?" ती म्हणाली. "धुक्यातून दुर्बिणीत नुसता हात दिसत होता. पट्टी धरलेला..."

तिनं मग एकदम माझं मनगट धरलं.

"बारके, तो सरळ दिसत होता. आकडेसुद्धा सरळ. म्हणून मला इतके भरभर वाचता आले..."

आम्ही सामान उचललं आणि मागे न बघता पळत सुटलो. दुखरा पाय तेव्हा दुखलाच नाही.

घरी आल्यावर ती आकड्यांसमोर बसून राहिली.

"खोडून टाक," मी म्हणाले.

"खोडले तर अर्धाच छेद. म्हणजे नापास. परत तिथे जायची माझी छाती नाही." मग हळूच म्हणाली, "मी जे पाहिलं तेच लिहिलंय. यात खोटं काय आहे? सांग ना, काय खोटं आहे?"

सकाळी मीही तिच्याबरोबर कॉलेजात गेले, साक्षीला. सरांनी अहवाल चाळला आणि एका पानावर बोट ठेवलं.

"हे कुठून उतरवलंस?"

"मोजलंय, सर."

"पलीकडचा काठ ढासळून वर्षं झाली. तिथे आता जमीनच नाही. माणूस काय हवेत उभा केला होतास?" सरांचा आवाज चढला. "हे काठ ढासळायच्या आधीचे आकडे आहेत. जुन्या अहवालातले. बिंदू न् बिंदू तेच!"

"सर, माझ्या बहिणीला विचारा..."

"मी पडले होते, सर," मी म्हणाले. "पट्टी माझ्याकडे होती. पण ताईनं खरंच—"

बोलता बोलता मलाच कळलं, की मी तिला आणखी बुडवतेय.

ताई रडायला लागली. हात जोडले तिनं. "सर, देवाशप्पथ! कोणीतरी उभं होतं. दुर्बिणीत सरळ दिसत होतं..."

कॉपीच्या चौकशी समितीला चिठ्ठी लिहायला घेतलेलं सरांचं पेन थांबलं.

ते उठले. दार लोटून घेतलं. परत येऊन बसले, तेव्हा चेहरा पांढराफटक.

"सरळ?"

ताईनं मान हलवली.

"काठ ढासळल्यानंतर एका मुलानं मला हेच सांगितलं होतं," सर पुटपुटले. "हेच आकडे होते त्याचे. मी हसलो त्याला. शून्य दिलं... तो परत वर्गात आला नाही."

"सर, तो काठ ढासळला तेव्हा तिथे कोणी होतं का?" मी विचारलं.

सर कितीतरी वेळ पेनाचं टोपण लावत बसले.

"मग समितीला सांगा ना, सर! तुम्हाला माहीत आहे मी खरं बोलतेय!"

"सांगू काय?" सर ताईकडे बघतसुद्धा नव्हते. "तूच सांग, पोरी. लिहू काय त्यात?"

त्यांनी काहीच लिहिलं नाही. समितीनं कॉपीचा ठपका ठेवला आणि ताईचं नाव कमी केलं.

याला आता बरेच महिने झाले. ताई फारशी कोणाशी बोलत नाही. मी मात्र एकच विचार करत असते. जे कोणी तिथे उभं होतं, त्याला ताईची दया आली होती... की आणखी काही हवं होतं?

परवा भांडी विसळता विसळता ताई आपणहून बोलली.

"किती नीट धरली होती गं पट्टी. जरासुद्धा हलली नाही. माझ्यासाठी इतकं नीट कोणी उभंच राहिलं नव्हतं."

काल संध्याकाळी ती उशिरा घरी आली. कुठे गेली होती, सांगितलं नाही.

दाराशी तिच्या चपला होत्या... ओल्या चिखलानं माखलेल्या.

मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.