खळ्यावरचं घर

हे घडलं २०२२ साली, मार्गशीर्षात. त्याआधी काही वर्षांपर्यंत देऊळघाटाच्या पुढे, पैनगंगेच्या काठाला आमचं वावर होतं. नदीकडची जमीन काळी, वरची मुरमाड. खाली ज्वारी-तूर, वर कपाशी. माझे धाकटे दीर तुळशीराम यांनी ते विकायचं काढलं तेव्हा घरात कोणी भांडलं नाही. मुलं पुण्याला आणि गडी मिळेना. मीही सही केली.

मग मुरमाच्या सडका पडल्या, चुना लावलेले दगड रोवले गेले, विजेचे खांब आले. मास्तर, बँकेतले, तहसीलीतले, दवाखान्यातल्या सिस्टर अशांनी प्लॉट घेतले. सकाळी सगळे स्कूटीवर बुलढाण्याला जातात, दिवेलागणीला परततात. एक प्लॉट ठेवून आम्हीही घर बांधलं. मला इथे करमतं, खोटं का सांगू? पण किराणा दुकानात उभी राहिले की पायाखाली तुरीचं तास आठवतं.

आमच्या समोरचं घर प्रसेनजितचं. तो बँकेत, बायको दीपमाला दवाखान्यात नर्स, मुलगी छकुली केजीत. दोघंही मूळचे खामगावचे. त्यांचं घर आमच्या खळ्याच्या जागेवर आलं होतं. मी त्यांना ते सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

एका संध्याकाळी दीपमाला आमच्या ओट्यावर आली. छकुली माझ्याजवळच बसून शाळेतल्या शेळीची गोष्ट सांगत होती.

"काकू, हे पोरगी घरात बोलत नाही."

"आता तं बोलून राह्यली."

"इथं बोलते, शाळेत बोलते. आमच्या उंबऱ्यात पाय ठेवला का बंद. दिवाळीपासून घरात मले आई म्हटलं नाही तिनं. अकोल्याच्या डॉक्टरले दाखवलं. तो विचारते, घरात भांडणं होतात का? आता यांच्याशी भांडायले मले टाइम कुठं हाय?"

तुळशीराम खुर्चीत बसून ऐकत होते. "आमच्या वहिनीले ठेव दोन दिवस तुया घरी," ते म्हणाले. "भिंतीबी बोलायले लागतीन."

दीपमाला हसली, पण लगेच थांबली. "हे म्हणतात, घर विकून टाकू. किती हौसेनं बांधलं हो काकू. पण लेकराचा आवाज गेला तं घर काय चाटायचं हाय?"

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मी तिच्याकडे गेले. फाटकापाशीच सगळ्यांच्या चपला काढलेल्या होत्या. घराचं दार तिथून चांगलं लांब.

"चपला इथं काऊन?"

"काय माहीत. सारेच इथं काढतात. दूधवालासुद्धा."

आत फरशी लखलखीत होती. खिडक्या बंद होत्या, तरी नाकात भुसा गेल्यासारखं हुळहुळलं. नवा कडबा उन्हात टाकला की येतो तो वास होता. हॉलच्या मधोमध छकुली बसली होती, पूर्वेकडे तोंड करून. दोन्ही हातांची ओंजळ करून ती उजवीकडून काहीतरी उचलत होती आणि डावीकडे ओतत होती. हात रिकामे होते. घाई अजिबात नव्हती.

"छकुली," दीपमाला म्हणाली, "आजी आल्या, पाह्य. बोल नं बाई."

पोरीचे हात थांबले. डोळे भरून आले. तिने डावीकडची फरशी तळहातांनी ओढून ओढून साफ केली, सगळं पुन्हा उजवीकडे लोटलं आणि पहिल्यापासून सुरू केलं.

मी दीपमालाला अंगणात आणलं. रास मोजताना खळ्यावर चप्पल चालत नाही. मापाला बसलेला पूर्वेकडे तोंड करून बसतो. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात आणि पुढे माप संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मधे कोणी बोललं, तर आमचे सासरे मोजलेलं धान्य परत राशीत लोटायचे आणि नव्याने बसायचे. शेवटी कडेला उभ्या असलेल्या बलुतेदार-मजुरांच्या ओंजळी भरल्याशिवाय दाणा घरी जात नसे. एवढं सगळं मी तिला सांगितलं.

तिने आपल्या घराकडे पाहिलं. "माहा आजा असाच उभा राहे लोकांच्या खळ्यावर, कडेले," ती म्हणाली. "त्याले मापाले कोणी बसू देल्लं नाही."

मग ती माझ्याकडे वळली.

"मग आता काय करू मी?"

"रोज मधातून हाक मारतं का तिले?"

"मारतो नं. आई हावो मी."

"आज नको मारू. फोन बंद कर अन् चूप बस."

आम्ही भिंतीला टेकून बसलो. छकुलीचे हात चालू होते. उजवीकडून डावीकडे. दीपमालाने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

ऊन खिडकीवरून उतरलं. बाहेर एक स्कूटी येऊन थांबली, पण प्रसेनजित आत आला नाही. तो दारात उभा राहिला.

मग हात थांबले.

छकुलीने तळवे झटकले आणि ओंजळ भरून ती उठली.

ती भिंतीकडे गेली. तिथे कोणी नव्हतं. तिने ओंजळ उंच केली, उंच माणसाला द्यावी तशी. परत फिरली, पुन्हा भरली. कोपऱ्यात गेली. तिथे खाली वाकली, बसलेल्या कोणासाठी.

असं भिंतीभिंतीने चाललं होतं. ती एकही जागा चुकवत नव्हती.

शेवटी ती माझ्यासमोर आली.

आमच्या घरच्या बायांनी खळ्यावर कधी पदर पसरला नव्हता. मी पसरला.

पदर जड झाला. मी खाली पाहिलं नाही.

"आई," छकुली म्हणाली, "भूक लागली मले."

दीपमाला तिला पोटाशी धरून खूप वेळ रडली.

आता छकुली दुसरीत आहे. वर्गात इतकी बोलते की बाई तिची जागा सारख्या बदलतात. घर विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. दीपमालाची बढती झाली, प्रसेनजितने वर एक खोली चढवली. तुळशीराम मागच्या उन्हाळ्यात गेले, झोपेतच. मी आहे. वसाहत नदीपर्यंत पोचली आणि एस.टी.चा थांबाही झाला.

मार्गशीर्ष आला की संध्याकाळी मी ओट्यावर बसते. बुलढाण्याहून परतणारी माणसं समोरच्या फाटकापाशी गाडी थांबवतात. परगावची, वावर कधी न पाहिलेली. हेल्मेट काढून, उलटं करून दोन्ही हातांत धरतात आणि थोडा वेळ उभी राहतात. विचारलं तर म्हणतात, काही नाही, असंच. मग निघतात. जाताना हेल्मेट कोणी डोक्यावर चढवत नाही. दोन पायांच्या मधे ठेवतात, तोंड वर करून, आणि खड्डा आला की एक हात त्यावर धरतात.