चार नंबरचा दगड

हमरस्त्याच्या कडेला प्रांजल उभी होती आणि तिचे पाय काही केल्या उचलत नव्हते.

पन्नास पावलांचा तर रस्ता! पलीकडे कंपनीची बस यायची; शिरवळला पॅकिंगच्या कामावर ती नुकतीच लागली होती. पासलीहून सकाळची पहिली एसटी धरून ती फाट्यावर वेळेत उतरायची आणि मग इथं येऊन खिळायची. पूल होणार, होणार म्हणून तीन वर्षं नुसते खांब उभे. कंटेनर धडधडत गेला की हातातला डबा घामानं निसटायला लागायचा. भित्री म्हणाल तिला? म्हणा खुशाल. पण सात वर्षांपूर्वी तिचे वडील चिमाजी, तिचे आबा, याच जागेवरून पलीकडे निघाले होते. गाडीनं त्यांना उडवलं ते थेट समोरच्या मैलाच्या दगडापाशी...

"अवो ताई, पलीकडं जायचंय का नुसत्या गाड्याच मोजायच्यात?"

ती दचकली. नारिंगी जाकीट, हातात लाल झेंडा आणि कानाच्या पाळीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका. हसत होता मेला!

"मोजतेय," ती फणकारली. "तुमाला काय करायचंय?"

"मला काय न्हाई. पर दगडाला दिलेला रंग वाळंल तवर तुमचं मोजून हुईल असं वाटत न्हाई. या."

त्यानं झेंडा उंच धरला. एक ट्रक फुसकारत थांबला, मागं दुसरा. प्रांजल डोळे मिटून त्याच्या मागोमाग धावली... आणि डोळे उघडले तेव्हा ती पलीकडे होती. जिवंत!

त्याचं नाव गोरख. भोरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या धनगरवाड्यातला. रस्त्याचे जुने दगड उपटायचे, नवे रोवायचे, त्यांवर आकडे रंगवायचे, हे त्याच्या टोळीचं काम. कागदावर रस्त्याचा नंबर बदलून वर्षं लोटली होती, पण एसटीचा कंडक्टर अजून 'चार नंबर'च म्हणायचा आणि पाटीवर मात्र अठ्ठेचाळीस.

रोज सकाळी तो झेंडा घेऊन थांबायला लागला. रोज पन्नास पावलं, आणि पलीकडे बस येईपर्यंत चार शब्द. त्यात एकदा आबांचं आणि त्यांच्या दगडाचंही सांगून झालं.

"नंबर बदलून झालं काय?" तिनं एकदा विचारलं. "रस्ता तर तोच."

"सुरुवात बदलली की. आधी मुंबईपास्नं मोजायचे, आता दिल्लीपास्नं. शेवट तेवढा तोच, चेन्नई. आन् आपुन आपले मधीच!"

"मला दिल्लीशी काय करायचंय? मला पन्नास पावलं जायचंय."

"मग म्या हाय की, ताई."

प्रांजलनं डबा या हातातून त्या हातात घेतला. "ते... ताई म्हणायचं बंद करा."

"मग काय म्हणू?"

"काहीच नका म्हणू," ती म्हणाली आणि कानशिलं तापली म्हणून बसच्या दिशेला बघत बसली. गोरखनं उगाच दोन वेळा झेंडा झटकला. महिना झाला तरी इतके आकडे रंगवणाऱ्या या गड्याला तिचा नंबर मागायची काही छाती झाली नाही. तीही मुलखाची हट्टी, आपणहून देते कशाला!

आणि एका सकाळी तो रिकाम्या हातानं उभा होता. चेहरा उतरलेला.

"कुंडलिक मुकादमानं झेंडा काढून घेतला. म्हणला, झेंडा कामाला दिलाय, पोरी न्यायला न्हाई." तो घुटमळला. "आन्... उद्या हितलं काम संपतंय. नवाला टेम्पो निघंल, कराडला. त्याच्या आधी तुमच्या आबांचा दगड काढायचाय."

प्रांजलनं पलीकडे पाहिलं. तो दगड, चारचा आकडा असलेला! आबा गेले तेव्हा गावानं त्याला शेंदूर फासला होता. दर अवसेला तिची आई, चंद्राबाई, पलीकडे जाऊन तिथं नारळ ठेवायची, आणि ती परत येईतो प्रांजलचा जीव टांगणीला.

"हात लावाल तर बघा!" ती ओरडली. त्या दिवशी ती दुसऱ्या बायांच्या पदराला धरून पलीकडे गेली. मागं वळून बघितलं नाही. बसमध्ये मात्र डोळे भरून आले. दगड जाणार म्हणून, की तो जाणार म्हणून? दोन्हींची भीती सारखीच होती, खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरून तिनं समोर पाहिलं. दगडाच्या जागी काळा खड्डा! बाजूला टेम्पो, त्यात उपटलेल्या दगडांची रास आणि मागं पाय सोडून बसलेला गोरख. सोबतीला एकही बाई नाही. नऊ वाजत आलेले.

एसटीच्या थांब्याशेजारी पोत्यानं झाकलेलं काहीतरी होतं, त्यावर हात टेकून ती उभी राहिली. एक पाऊल पुढं, दोन मागं. समोरून गोरख उठून हातवारे करायला लागला. बोट खाली, तिच्या पायांकडे. पुन्हा पुन्हा. गाड्यांच्या आवाजात शब्द कुठले ऐकू येतात! 'थांबा तिथंच, येऊ नका,' असंच ती समजली.

येऊ नका? आबांचा दगड घेऊन पळतोय आणि वर मला येऊ नका म्हणतोय?

टेम्पो सुरू झाला. धूर निघाला.

मग काय झालं ते तिला नंतर धड सांगताही आलं नाही. हात उंच केला, घशातून ओरडली आणि निघाली. हॉर्न, ब्रेकची करकर, तोंडावर गरम वारा... भीती तशीच होती, पण पाय चालत होते. मधल्या कठड्याच्या फटीतून ती पार झाली, पुन्हा हात उंच केला आणि थेट टेम्पोच्या मागच्या फळीवर जाऊन आदळली.

गोरखनं उडी मारली. तोंड पांढरंफटक. "याड लागलंय का तुमाला? एकल्या आला!"

"माझा दगड द्या!" ती रडत होती. "आन्... आन् तुमी जाऊ नका. जायचंच असंल तर सांगून जा, परत कवा येणार ते. मला लई भीती वाटती, समजलं?"

तो हळूच म्हणाला, "दगड तुमच्या बाजूलाच हाय. मुकादमाच्या पाया पडून पहाटेच तिकडं रोवला. तुमच्या आईला रस्ता वलांडायला नको म्हणून. तुमी त्याच्यावरच तर हात टेकून हुत्या! म्या बोट करून सांगतोय, पायाशी बघा, पायाशी बघा..."

प्रांजलनं मागं पाहिलं. थांब्याशेजारचं ते पोतं.

"सिमेंट वलं हाय," तो म्हणाला. "तुमच्या चपलेचा ठसा उमटला असंल त्यात."

तिला हसू फुटलं, रडतारडताच. म्हणजे यायची गरजच नव्हती!

"आन् परत यायचं म्हणाल," गोरख झेंड्याविना मोकळ्या हातांकडे बघत पुटपुटला, "तर दर अवसेला यीन. तुमच्या आईच्या नारळाला. पर त्याच्या आधी... तुमचा नंबर..."

"घ्या लिहून." तिनं दहा आकडे सांगितले. त्यानं टेम्पोतला ब्रश घेऊन तळहातावर रंगवले, चांगले ठळक.

मुकादमानं हॉर्न वाजवला. प्रांजलनं तिकडे लक्षच दिलं नाही. तिला तो दगड बघायचा होता, याच्यासोबत, आत्ताच. तिनं त्याचं मनगट धरलं, रंग फिसकटणार नाही असं.

"घाबरत न्हाई का आता?" त्यानं विचारलं.

"घाबरते की," ती म्हणाली आणि समोरून येणाऱ्या कंटेनरला हात दाखवला. "चला, म्या नेते तुमाला."