पाठ केलेली ओळ

"तुझं काहीएक नको मला! हे दुकान सोडून गेलीस ना, त्याच दिवशी तुझंमाझं संपलं!"

अक्का बोलून गेली आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली. गिऱ्हाइकांना डोळे तपासायला बसवायची ती उंच खुर्ची, तिच्यात तिची धाकटी बहीण बसली होती. तिचा चेहरा असा काही उतरला की… पण अक्काने तिकडे पाहिलंच नाही. हातातली चष्म्याची काच ती पुसत राहिली. काच मघापासून लख्खच होती.

"अक्का, माझी किडनी तुला जुळतेय. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून सांगितलंय. आता फक्त तू हो म्हणायचंस."

"आणि माझं डायलिसिस छान चाललंय, हेही त्यांनीच सांगितलंय! दर महिन्याला परीक्षा घेतात, दर महिन्याला मी पास होते. मग ही नसती उठाठेव कशाला?"

"म्हणजे तू मला कधीच माफ करणार नाहीस… असंच ना?"

अक्काने दुसरी काच पुसायला घेतली. दार आपटलं, भिंतीवरच्या चष्म्यांच्या फ्रेमा किणकिणल्या आणि दुकान पुन्हा शांत झालं.

खरं तर माफ करण्यासारखं काही नव्हतंच. धाकटी लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद अक्कालाच झाला होता. तिला जन्म देताना आई गेली, मागोमाग वडीलही खचून गेले, आणि ज्या वयात मुली आरशासमोरून हलत नाहीत, त्या वयात अक्काच्या कडेवर एक तान्हं रडत होतं. स्वतःच्या संसाराचा विचार तिने पुढे ढकलला, मग आणखी पुढे ढकलला, आणि मग विचारणारेच थांबले. त्याचं दुःख तिने कधी उगाळलं नाही. तेवढी सवड होती कुणाला!

मघाचं ते वाक्य मात्र तिने चार दिवस घोकलं होतं. खोटं बोलायला ती कच्ची होती, पाठांतराला पक्की.

दुसऱ्यांच्या पाठांतराशी तिचं जुनं वैर, हे त्यातलं विशेष. दुकानाच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. गाडीच्या परवान्यासाठी नजर चांगली असल्याचा दाखला लागतो. म्हणून ज्यांची नजर अधू, ते बाहेरच्या बाकावर बसून आतल्या गिऱ्हाइकाचं वाचन कान देऊन ऐकत, अख्खा तक्ता पाठ करत आणि साळसूद चेहऱ्याने आत येत. अक्का त्यांना शेवटपर्यंत वाचू देई. मग सहज म्हणे, "वा! आता शेवटची ओळ उलटी वाचा बरं." की लागलीच बिंग फुटे! लहानगी धाकटी काउंटरखालून टाळ्या पिटत ओरडे, "पाठ केलंय, पाठ केलंय!" आणि गिऱ्हाईक ओशाळून हसे.

आता तीच अक्का दर महिन्याला तक्ता पाठ करून जात होती.

दवाखान्यातली परीक्षा तशी सोपी होती. मशीन सुरू होण्याआधी रक्ताची एक बाटली आणि संपताना एक. रक्तातली युरियाची घाण किती उतरली ते पाहायचं. शंभरातली निदान पासष्ट तरी उतरायला हवी. उतरली, तर डायलिसिस पुरेसं. परीक्षेचा दिवस ठरलेला असे, आणि घोळ तिथेच होता. त्याआधी दोन दिवस अक्का घोटभर पाणीही मोजून पिई, ओल्या रुमालाने नुसते ओठ टिपी. अंगात पाणी कमी, म्हणून मशीनला ओढावं कमी लागे, म्हणून पायांत गोळे कमी येत. जे येत, ते ती रुमालाचा बोळा दातांत धरून सोसे आणि शेवटच्या मिनिटापर्यंत पडून राही. आकडा उत्तम येई.

पण माणसाला असं रोज कसं जगता येईल? एरवीच्या दिवशी मशीन सुरू होऊन निम्मा वेळ होतो न होतो तोच पोटऱ्यांत गोळे येत, रक्तदाब घसरे, डोळ्यांपुढे अंधारी येई. "भाऊ, काढ सुया," ती म्हणे. मशीन सांभाळणाऱ्या त्या तंत्रज्ञाला सगळे पेशंट भाऊच म्हणत. भाऊ कुरकुरे, डॉक्टरीणबाई रागावत, पण महिन्याचा आकडा पाहून त्यांचाही राग निवळे. पास होणाऱ्या मुलाला किती रागावणार?

भाऊने एकदा विचारलं होतं, "अक्का, कुणाला फसवताय?"

"तू तुझ्या सुया बघ," अक्का म्हणाली होती.

धाकटी रागावून गेली, त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. अक्का डायलिसिसला गेली आणि वाचायचा चष्मा दुकानातच विसरली. चष्म्याच्या दुकानाची मालकीण आणि चष्म्याविना! नेमकी तेव्हाच धाकटी आपल्याकडच्या जुन्या किल्लीने दुकान उघडून आत आली. भांडणाचा दुसरा अंक करायला आली होती की पाय धरायला, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. काउंटरवर चष्मा दिसला. बहिणीला वर्तमानपत्र वाचायला लागेल म्हणून तो घेऊन ती थेट दवाखान्यात पोचली.

पलंगावर अक्का घामाने निथळत होती. पाय आखडलेले, ओठ पांढरेफटक. भाऊ सुया काढायच्या तयारीत होता.

"संपलं इतक्यात?" धाकटीने विचारलं.

भाऊने अक्काकडे पाहिलं. अक्काने छताकडे पाहिलं.

"रोज असंच होतं?"

"महिन्याच्या परीक्षेआधी दोन दिवस पाणी तोडतात, त्या दिवशी मात्र शेवटपर्यंत टिकतात," भाऊ पुटपुटला. धाकटीच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी उमजत गेलं. चष्म्याच्या दुकानात वाढलेली पोर ती; तिला आणखी काय सांगायला हवं होतं?

"अक्का," ती हलकेच म्हणाली, "तू तक्ता पाठ केलायस."

अक्काने मान फिरवली.

"भाऊ, आज घ्या रक्त. परीक्षा आज होऊ दे."

"आजचा दिवस नाही तो!" अक्का कशीबशी उठू लागली. "आणि सुरुवातीची बाटली घेतली नाही, आता घेऊन काय उपयोग?"

"मग पुढच्या खेपेला. दोन्ही बाटल्या. आणि त्याआधीचे दोन दिवस मी तुझ्याकडेच मुक्कामाला येतेय, तुझ्यावर डोळा ठेवायला. बघू कशी तहानलेली राहतेस!"

"नाही म्हटलं ना!"

"का नाही? माझा एवढा द्वेष करतेस की मरशील, पण माझं घेणार नाहीस?"

तेव्हा मात्र अक्काचा बांध फुटला. इतकी वर्षं जिने कुणापुढे डोळ्यांत पाणी आणलं नाही, ती बाई भाऊच्या देखत लहान मुलासारखी हुंदके देऊ लागली.

"द्वेष? अगं वेडे… तुझी पोर अजून बोट धरून चालते गं! तुला टेबलावर झोपवतील, कापतील… आणि काही कमीजास्त झालं म्हणजे? आईविना पोर वाढवायची म्हणजे काय, ते मला विचार! रात्ररात्र तू आई आई करून रडायचीस आणि मी… मीही तुझ्याबरोबर रडायचे. ते मी पुन्हा कुणाच्या नशिबी येऊ देणार नाही!"

धाकटीने तिचे आखडलेले पाय मांडीवर घेतले आणि पोटऱ्या चोळू लागली. तिचा राग कधीच गळून पडला होता.

"तेव्हा मी रडत होते, कारण मला कळत नव्हतं," ती अखेर म्हणाली. "आई माझ्या उशाशीच बसलीय, हे कळायला मला अक्कल यावी लागली. अक्का, जन्म देणारी मला आठवतही नाही. मला तू आठवतेस. आता तूही जाणार… आणि मी परत आईविना राहायचं? एका जन्मात दोनदा?"

भाऊ मशीनच्या मागे जाऊन उगाचच कुठलीतरी नळी तपासू लागला.

पुढच्या खेपेला दोन्ही बाटल्या घेतल्या गेल्या. अक्का मनाजोगं पाणी पिऊन आली होती, आणि गोळे आल्यावर तिने दातांत रुमाल धरला नाही. खुशाल ओरडली, सुयाही वेळेआधीच काढायला लावल्या. अहवाल आला तेव्हा दोघी बहिणी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शेजारी शेजारी बसल्या होत्या. आकडा पाहून बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा तर फारच कमी आहे! मग आधीचे सगळे…"

"पाठ केलेले होते," अक्का म्हणाली. "मी नापास आहे, बाई."

धाकटी फस्सकन हसली आणि हसता हसता रडू लागली. कुणी नापास झाल्याचा एवढा आनंद त्या खोलीने पूर्वी पाहिला नसावा. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. आपलीही नजर आकड्यापुढे गेली नाही, हे त्यांना लागलं असावं. त्यांनी दोघींना शस्त्रक्रिया समजावून सांगितली. धोका कुठे, किती, देणाऱ्याला काय जपावं लागतं, काहीही लपवलं नाही. अक्काने प्रत्येक शंका दोन दोनदा विचारली, आणि सगळ्या शंका धाकटीच्या जिवाबद्दलच्या होत्या.

"आता शेवटचं तुम्ही सांगायचं," बाई अक्काला म्हणाल्या. "धाकट्या बहिणीची किडनी घ्यायला तयार आहात ना?"

अक्काने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा डोळ्यांवर ठेवला आणि शेजारी बसलेल्या मुलीकडे नीट पाहून घेतलं.

"बहिणीची नाही घेणार," ती म्हणाली. "लेकीची घेते."