श्रीनिवासचा डिटेक्टर

कुशलने जेवणाच्या टेबलावर तीन रडार डिटेक्टर ओळीने मांडले, तेव्हा वैदेही तीन वर्षांच्या निहारला वरणभात भरवत होती. रस्त्यावर वेग मोजणारा कॅमेरा आला की आधीच ओरडणारी ही यंत्रं. हॉलंडमध्ये त्यांच्यावर बंदी येऊन दीडेक वर्ष झालं होतं, आणि हा माणूस एक्सेलमध्ये त्यांची तुलना करत बसला होता. रेंज किती, खोटे अलार्म किती, लपवायला कुठलं सोपं.

"पाय जरा हलका ठेवलास तर यातलं एकही लागणार नाही," ती म्हणाली. "मागच्या सीटवर आपलं पोर असतं, त्याचा रकाना आहे का तुझ्या तक्त्यात?"

तो म्हणाला, वाजलं की मी गाडी हळूच करणार ना, म्हणजे तुझंच काम होतंय. या उत्तराने तिचं डोकं आणखी फिरलं, कारण त्यात खोट कुठे आहे ते तिला पटकन सापडेना.

शेवटी त्याने श्रीनिवासचा निवडला. श्रीनिवास आणि लतिकाताई प्रोजेक्ट अर्धवट टाकून अचानक पुण्याला परत गेले होते. परतणारे सगळेच करतात तशी त्यांनीही सामानाची यादी मेल केली होती. कुकर, मिक्सर, सायकली, रजया. डिटेक्टरपुढे मात्र किमतीच्या जागी लिहिलं होतं, 'नुसता घेऊन जा.'

रोज सकाळी न्यूनेनच्या घरून निघून कुशल वैदेहीला टिलबर्गच्या विद्यापीठात आणि निहारला तिथल्याच पाळणाघरात सोडायचा, मग पुढे ब्रेडाला ऑफिसला जायचा. सोमवारी टिलबर्गच्या थोडं अलीकडे यंत्र वाजलं. दोन्ही बाजूंना मक्याचे कापलेले खुंट, त्यावर धुकं. कॅमेरा नाही, पोलीस नाही. कुशलने गाडी साठावर आणली. मागच्या ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. यंत्राची टिकटिक भराभर वाढली आणि एकदम थांबली.

मंगळवारी ते त्याआधीच्या गावाला, ओइर्शॉटला वाजलं. बुधवारी त्याही अलीकडे, बेस्ट नावाच्या गावाजवळ. दर वेळी कुशलने शहाण्यासारखा ब्रेक दाबला. सुपरमार्केटच्या आपोआप उघडणाऱ्या दारांनीही ही यंत्रं फसतात, असं त्याने समजावलं. हायवेवर कुठलं आलंय दार, असं तिने विचारलं. त्यावर त्याने रेडिओ मोठा केला.

गुरुवारी आइंडहोवन ओलांडायच्या आतच वाजलं. घरापासून जेमतेम दहा मिनिटांवर.

निहार मराठीत विचारलेल्याला नेहमी डचमध्येच उत्तर द्यायचा. आज कोणी काही विचारलं नव्हतं. तो डचमध्येच म्हणाला, बाबा, थांब ना. ती दमलीये.

"कोण रे बाळा?" वैदेहीने विचारलं.

तो काचेबाहेर बघत राहिला.

संध्याकाळी वैदेहीने पुण्याला फोन लावला. असली भिकार वस्तू लोकांच्या गळ्यात मारता, लाज नाही वाटत, हे वाक्य तिने दिवसभर घोळवून ठेवलं होतं. ते तिने एका दमात बोलून टाकलं.

"कुठवर आलंय?" लतिकाताईंनी विचारलं.

वैदेहीच्या तोंडून निघून गेलं, "आइंडहोवन."

"श्रीनिवास वाजलं की हळू करायचा गं. आम्हाला तेच बरोबर वाटायचं." मग आवाज अगदी खाली आला. "हळू करू नका. आणि थांबू तर अजिबात नका."

शिकलीसवरली बाई आणि हे असलं बोलणं. वैदेहीने फोन आपटला, गाडीतून यंत्र उपसलं, अंगणातल्या फरशीवर टाचेने चुरडलं आणि कचऱ्यात टाकलं. कुशल झाडू आणून उरलेले तुकडे गोळा करायला लागला. याचाही तिला राग आला.

शुक्रवारी तिला सुट्टी होती. रुसलेला कुशल ट्रेनने गेला. दहा वाजता ती निहारला घेऊन गावातल्या गावात किराणा आणायला निघाली. ऊन पडलं होतं. चर्चपाशी वळताना मागून आवाज आला.

टिक. टिक.

निहार तोंडाने काढत होता. हुबेहूब.

"पुरे, निहार."

टिक टिक टिक.

तिने आरशात पाहिलं. त्याचे ओठ जेमतेम हलत होते.

"निहार, बंद कर म्हणते ना!"

टिकटिक भराभर वाढली. आठवडाभराचा सगळा संताप तिच्या उजव्या पायात उतरला. तिने गाडी कडेला घेतली, कचकन थांबवली आणि हात उगारून मागे वळली.

निहार गप्प झाला होता. त्याने शहाण्या मुलासारखे पाय आखडून घेतले आणि शेजारच्या सीटवरचं कापडी अस्वल उचलून मांडीवर घेतलं.

त्या रिकाम्या सीटचा पट्टा सावकाश ओढला गेला, आणि खटकन लागला.