जिभेवरचा दगड

शिलापट्टा म्हणून कुंपण घातलेल्या या मुलखाच्या फाटकातून आत शिरलं की आधी डोळे दिपतात. एकेकाळी काळेकुट्ट असलेले अजिंठ्याकडचे हे डोंगर आता चुना फासल्यासारखे पांढरे झालेत. गवत नाही, गुरं नाहीत, गावं तर कधीच उठवली. आणि अशा या ओसाड जागी परत यायला मिळावं म्हणून इंदुमती तायडेबाईंनी वर्षानुवर्षं सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं.

बाई भूगोलाच्या. लोक सुट्टीत देवाला जातात, बाई कवठदऱ्याच्या खदानीत जायच्या. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि लाखो वर्षांत तिथे स्फटिक वाढले. पोकळी फोडली की आत काय निघेल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. बाईंच्या कपाटात दगड, पलंगाखाली दगड, देव्हाऱ्यातसुद्धा दगड. सून म्हणायची, "आई, घर भरलंय की, आणखी कशाला हवेत?" आता हिला काय कप्पाळ सांगायचं! बाईंना दगड नकोच होते. त्यांना त्या खदानीत उन्हात उकिडवं बसायचं होतं, एकदा, मरायच्या आधी.

शेवटी हेमंत भंगाळेने परवानगी मिळवून दिली. तो डोंगर पांढरे करणाऱ्या या प्रकल्पाचा मुख्य शास्त्रज्ञ, आणि बाईंचा जुना विद्यार्थी.

"पुन्हा सांगतो, बाई. मास्कला हात लावायचा नाही. नाक खाजलं तरी नाही."

"अरे, मी तुला शिकवलंय. तू मला नाही."

"ते शाळेत. इथे मी मास्तर."

बाई हसल्या. हेमंत हसला नाही.

"एवढं काय रे असतं त्या किड्यात?" काठी टेकत खदानीची उतरण उतरताना बाईंनी विचारलं.

"किडा नाही, शिलाणू. प्रयोगशाळेत घडवलेला जिवाणू. हवेतला कार्बन डायऑक्साइड धरायचा, या खडकातलं कॅल्शियम त्याला जोडायचं आणि चुनखडी करून टाकायची, एवढंच त्याचं काम. हवेतला कार्बन त्याने दगडात कोंडला, म्हणून तर उन्हाळे पुन्हा सोसवायला लागले."

"मग गुणाचाच आहे की. माणसांना कशाला हाकललंत?"

"त्याला डोंगर आणि माणूस यातला फरक कळत नाही, बाई. आपण श्वास सोडतो तोही कार्बन डायऑक्साइडच. रक्तात कॅल्शियम, छातीत ओल आणि ऊब. त्याला आणखी काय हवं? फुप्फुसात चुनखडी धरायला लागते. औषध नाही. पहिली काही वर्षं कुठल्याच तपासणीत सापडत नाही, पण श्वासातून दुसऱ्याला मात्र लागतो."

म्हणून फाटकावर यंत्र नव्हतं, एक प्रश्न होता. मास्क निघाला होता का? हो म्हणणारा माणूस परत जात नसे. पट्ट्याच्या आत एक वसाहत होती, तिथे तो कायमचा राहायचा. तो ज्यांच्यात वावरला असेल, त्यांनाही तिथेच आणायचे.

हेमंत आपली मोजणी करायला पलीकडच्या कड्याशी गेला. बाई मात्र थेट आपल्या जुन्या जागेकडे गेल्या. बहुतेक पोकळ्या पांढऱ्या राडीने बुजल्या होत्या. बघवत नव्हतं. एका फटीत मात्र हात कोपरापर्यंत आत गेला आणि बोटांना धारदार कड लागली. त्यांनी हळूच हलवून खडा मोकळा केला. अपोफिलाइटचा स्फटिक! धुळीखालून हिरवा वाटत होता. की नुसताच पांढरा?

दगड ओला झाल्याशिवाय त्याचा रंग कळत नाही. पाणी असलं तर पाणी, नाहीतर जीभ. दगड गोळा करणाऱ्यांची ही जुनीच खोड. बाईंनी एका हाताने मास्क वर केला, खडा चाटला आणि उन्हात धरला. हिरवागार! अगं बाई, काय रंग होता तो!

आणि मग त्यांना मास्क आठवला.

मास्क खाली ओढला, पण जिभेवर धूळ चरचरत होती. हेमंत पाठमोरा होता. कोणी पाहिलं नव्हतं. गप्प बसलं तर संध्याकाळी घर, सुनेच्या हातचा चहा, आणि छातीवर गाल ठेवून झोपणारा नातू, ओजस. त्याचं तोंड आपल्या तोंडाशी असतं, हे आठवलं मात्र, आणि बाईंना गप्प बसवेना.

"हेमंत, मी घाण केली रे," त्या जवळ जाऊन म्हणाल्या. "दगडाला जीभ लावली."

तो ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. तो मटकन खाली बसला.

"चल, फाटकावर सांगू. मी राहते इथेच. हौसच होती ना मला."

"सांगू नका, बाई."

"का?"

"मग ते मलाही विचारतील. सहलीत तुम्हीच शिकवलंत, रंग बघायचा तर जीभ लावा. दोन वर्षांपूर्वी हातात असाच खडा आला आणि हात आपोआप तोंडाकडे गेला."

"आणि तू घरी जात राहिलास?"

"मुलगी रांगत होती तेव्हा. तिला या वसाहतीत आणू? म्हटलं, लागलाच नसेल मला."

"मेल्या, दिवाळीत तू आमच्याकडे जेवलास! ओजस तुझ्या मांडीवर होता!"

"म्हणून तर तुम्हाला इथे आणलं," तो खाली बघत म्हणाला. "व्हायचं ते झालंच असेल. निदान तुमची इच्छा तरी पुरी करावी, असं वाटलं. आणि मी एकटा नसणार, बाई. आमच्या खात्यात सगळे दगडवालेच आहेत. कोण कबूल करणार?"

बाईंना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच न करता त्या चढण चढू लागल्या.

फाटकावरच्या शिपाई मुलीने आधी हेमंतला विचारलं, "साहेब, मास्क निघाला होता?"

"नाही."

"आजी, तुमचा?"

नाही म्हटलं तर ओजस आणखी काही वर्षं अंगणात खेळेल, शाळेत जाईल, आणि ज्याच्या त्याच्या तोंडावर श्वास सोडेल. हो म्हटलं तर आज त्याला उचलून इथे आणतील, आणि या पांढऱ्या डोंगरांपलीकडचं त्याला पुन्हा काही दिसणार नाही. बाईंनी काठीवरची मूठ घट्ट केली.

"निघाला होता. माझा आज. याचा दोन वर्षांपूर्वी."

हेमंतने डोळे मिटले. शिपाई मुलगी झटक्यात मागे सरली, तिने घंटा दाबली आणि काचेआडून विचारलं, "घरी कोण कोण असतं? पत्ता सांगा."

बाईंनी पत्ता सांगितला. मुलाचं नाव, सुनेचं नाव, ओजसचं नाव सांगितलं.

"तो आत्ता झोपलेला असेल," त्या म्हणाल्या. "उठवू नका म्हणावं. उठला की मग आणा."